थँक यू, संजॉय

आपल्या पिढीने सगळ्यात स्वस्त करून टाकलेला शब्द कुठला असेल, तर तो 'थँक्स'. लिफ्टचं दार धरलं, थँक्स. रिक्षावाल्याने सुटे दिले, थँक्स. ऑफिसच्या मेलखाली तर तो आपोआपच येतो, 'थँक्स अँड रिगार्ड्स', मग वरच्या चार ओळींत समोरच्याची सालटी काढलेली का असेना! त्यामुळे कुणाचे तरी मनापासून आभार मानायची वेळ आली, की आपली पंचाईत होते. त्यातून माझी पंचाईत जरा जास्तच. मला ज्यांना थँक यू म्हणायचंय, ते १९९७ साली गेले. त्याच वर्षी मी जन्मले.

त्यांचं नाव संजॉय घोष. आता त्यांना 'सर' म्हणावं, तर ते मला कधी शिकवायला नव्हते. 'घोषसाहेब' म्हटलं, तर तहसीलदार वाटतात. गेले तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. माझ्या मित्रमंडळींत ३७ वर्षांच्या माणसाला आम्ही 'अरे'च म्हणतो. तेव्हा लेखात अहो-जाहो करते, मनात मात्र त्यांना कधीच फक्त संजॉय करून टाकलंय.

'चरखा' नावाची दिल्लीची एक संस्था त्यांच्या नावाने माध्यम पुरस्कार देते. नाव पुरस्कार असलं तरी तब्येत शिष्यवृत्तीची. म्हणजे आधी केलेल्या कामाबद्दल शाल-श्रीफळ असा प्रकार नाही, पुढे करायच्या कामाची सोय. तुम्ही खेड्यापाड्यातला विषय सुचवायचा, निवड झाली तर काही महिने तिथे जाऊन काम करायचं आणि लेख लिहायचे. मी ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांवर लिहायचं ठरवलं, आणि अर्ज अर्थातच शेवटच्या रात्री पाठवला. मास कॉमची डिग्री घेतलेल्या माणसाला डेडलाइनच्या आदल्या रात्रीच अक्कल येते, हे तुम्हाला माहीत असेलच.

खरं सांगायचं तर अर्ज करताना डोक्यात पैसेच होते. फ्रीलान्स पत्रकार हा शब्द ऐकायला मस्त वाटतो. कॅफे, लॅपटॉप, स्वतःचे तास वगैरे. प्रत्यक्षात ज्या लेखासाठी दोन दिवस एसटीने फिरावं, त्याचं मानधन एसटीच्या तिकिटात आणि दोन प्लेट मिसळीत संपतं, तेही सहा महिन्यांनी आलं तर. एका दैनिकाकडे माझं मानधन इतके महिने अडकलं होतं, की अकाउंट्समधल्या माणसाशी माझी दोस्ती झाली, त्याच्या मुलीचा दहावीचा निकालसुद्धा मला कळला. मानधन शेवटपर्यंत आलं नाही. सोबतच्या मैत्रिणी आयटीत. त्यांच्या गप्पा अप्रेझलच्या, व्हेरिएबल पेच्या. मी आपली 'या महिन्यात तीन पीस गेले' असं म्हणून कॉफी ढवळत बसायचे.

तर निवड झाल्याची मेल आली, मी उड्या मारल्या, आईला मिठी मारली. आणि आईने साधा प्रश्न विचारला, "कोण गं हे संजॉय घोष?" अर्जाच्या गडबडीत मी वरवर वाचलं होतं तेवढं सांगितलं. सामाजिक कार्यकर्ते होते, आसाममध्ये काम करायचे, अतिरेक्यांनी पळवून मारलं.

आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ज्याला मारलं त्याच्या नावाचे पैसे घेऊन तू काम करणार?"

हसू नका. आम्ही पुण्यात राहतो. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तो पूल आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातला. त्या दिवसापासून आईच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलाय. चांगलं काम करणारा माणूस सकाळी फिरायला जातो आणि परत येत नाही. तो हिशोब चुकीचा आहे, असं तिला पटवून देणारा युक्तिवाद माझ्याकडे नव्हता. अजूनही नाहीये.

मग मात्र मी नीट वाचायला बसले. आणि वाचताना सारखी वयं मोजत गेले, ही एक वाईट खोड.

संजॉय १९५९ सालचे. गुजरातेत आणंदला ग्रामीण व्यवस्थापनाची 'इर्मा' ही संस्था निघाली, तिच्या अगदी पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. म्हणजे आपल्या भाषेत एमबीएच, फक्त प्लेसमेंटला दूध संघ येतात. पुढे उत्तर राजस्थानच्या दूध संघाच्या आधाराने एक ट्रस्ट उभा राहिला, 'उरमूल'. दूध गोळा करण्यासाठी गावोगाव जाळं होतंच, त्याच जाळ्यातून गावात औषधपाणी का पोचू नये, अशी साधी कल्पना. बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला, वाळवंटात, हे काम उभं करायला संजॉय गेले तेव्हा ते विशीतच होते. आपल्या वयाचे! क्षयरोगावर उपचार, दायांना प्रशिक्षण असं काम सुरू झालं. मग १९८७ चा भयंकर दुष्काळ आला. नुसत्या औषधाने काय होणार, हाताला काम हवं, म्हणून लोकर कातणं, विणणं सुरू झालं. त्यातून पुढे विणकरांच्या स्वतःच्या संस्था निघाल्या.

'मानवी हक्क' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एसी हॉल, टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि 'दुसरं सत्र' असं काहीतरी यायचं. इथे एक माणूस होता, ज्याच्या दृष्टीने गावातल्या बाईच्या खोकल्याला गोळी मिळते की नाही, हा हक्काचा प्रश्न होता. गोळी मिळत नसेल, तर का नाही, हे कुणीतरी लिहायला हवं, हेही त्यांना कळलं होतं. १९९४ मध्ये 'चरखा' काढली ती यासाठी. गावातल्या गोष्टी शहरातल्या पेपरात याव्यात, आणि शक्यतो गावातल्या माणसांनीच त्या लिहाव्यात.

मग १९९६ मध्ये ते काही सहकाऱ्यांना घेऊन आसामात माजुलीला गेले. माजुली हे ब्रह्मपुत्रेतलं बेट. प्रचंड मोठं, आता तर तो एक जिल्हाच आहे. पण नदी दरवर्षी त्याचे लचके तोडते. संजॉय यांनी लोकांना श्रमदानाला उभं केलं, स्थानिक साहित्य वापरून किनाऱ्याचा एक पट्टा धुपण्यापासून वाचवला. ऐकायला किती छान! पण नदी काठ खाते म्हणून बांधबंदिस्तीची कंत्राटं निघतात, आणि लोकांनी आपापसांत काठ राखला तर कंत्राटं कशाची निघणार? उल्फाने त्यांच्यावर सरकारी हेर असल्याचा आरोप केला. ४ जुलै १९९७ ला त्यांचं अपहरण झालं. त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

हे सगळं आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडे ऊसतोडीच्या ठिकाणी रात्री राहणार कुठे?" म्हणजे परवानगी मिळाली.

आता त्या पैशांनी मला काय दिलं, ते सांगते. त्याने मला तिसरा दिवस दिला. फ्रीलान्सरला पहिला दिवस परवडतो. फार तर दुसरा. पहिल्या दिवशी माणसं तुम्हाला तेच सांगतात, जे त्यांनी आधी आलेल्या पाच पत्रकारांना सांगितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती तुम्हाला चहा देतात. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे लक्ष देणं सोडून देतात, आणि बोलायला लागतात.

मी गेले ती बारामतीच्या पुढे, एका कारखान्याच्या हद्दीत उतरलेल्या टोळीवर. सगळे बीड जिल्ह्यातले. दिवाळीनंतर येतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उघड्या रानात ओळीने कोप्या, म्हणजे बांबू, ताडपत्री आणि पाचटाच्या, वाकून शिरावं लागेल अशा झोपड्या. इथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. एकटा माणूस अर्धा कोयता. (लग्न कशाला करायचं, यावर आपण वीकेंडला तासन् तास चर्चा करतो. इथे उत्तर पहिल्याच ओळीत आहे.) मुकादम हंगामाआधीच कोयत्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. एखाद्या दिवशी अंगात ताप असला, पाळी असली, पोर आजारी असलं आणि कामावर गेलं नाही, तर 'खाडा' धरतात. त्याचा दंड उचलीत वाढतो.

बायका पहाटे तीनला उठतात. स्वयंपाक, पाणी, मग फडावर. नवरा ऊस तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. ट्रक रात्री अकराला आला तर रात्री अकराला भरायचा. संडास नाही, आडोसा नाही. पाळीत काय करता, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तेव्हा सगळ्या नुसत्या हसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीशी बसलेली एक बाई आपणहून म्हणाली, "माझी काढलीया पिशवी." मग शेजारची म्हणाली, "माझीबी." मग समोरची. जशी काही कुणी कुठल्या दुकानातून साडी घेतली, ते सांगतंय. तिघीही पस्तिशीच्या आत.

हा विषय मी शोधून काढलेला नाही, हे स्पष्ट सांगते. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं २०१९ मध्ये सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं. मग चौकशी समिती आली, कॅमेरे आले, चर्चा झाल्या. कॅमेरे गेले. आकडा मला पाठ होता. पण त्या आकड्यातल्या तीन बायका एका चुलीभोवती बसून भाकरी थापताहेत आणि माझ्याही ताटात एक वाढताहेत, तेव्हा तो आकडा तोंडातून बाहेर काढायची लाज वाटली. मी वही मिटून ठेवली.

त्या रात्रीच, ज्या बाईने सगळ्यात आधी सांगितलं होतं, तिने मला विचारलं, "ताई, तुला हितं ऱ्हायाचं पैसं कोन देतं गं? सरकार?"

"नाही. एका माणसाच्या नावाने मिळतात. ते आता नाहीत."

"मंग कोन व्हता त्यो?"

तर मी सांगायला लागले. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड प्रेझेंटेशन दिलेलं नाही. बिकानेर कुठे, माजुली कुठे. ब्रह्मपुत्रा आपल्या गोदावरीपेक्षा मोठी का? कितीतरी. आणि दरवर्षी बेटाची जमीन खाते. "म्हंजी नदीबी मुकादमच म्हनायची की," एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या. कंत्राटाचा भाग सांगायला मी जरा घाबरत होते, हे समजावायचं कसं म्हणून. तो भाग त्यांना सगळ्यात आधी समजला. "लोकांनीच बांध घातला तर ठेकेदारानं काय खावं?" इतकं नेटकं विश्लेषण मी कुठल्याही अग्रलेखात वाचलं नव्हतं.

मग मारलं म्हणून सांगितलं. हसणं थांबलं. चुलीवर कुणीतरी पाणी शिंपडलं. आणि त्या बाईने जे विचारलं, ते मला किंवा माझ्या आईला सुचलं नव्हतं.

"मंग त्याच्या बायकूचं काय झालं?"

ते मला माहीत होतं, कारण मी वाचलं होतं. त्यांच्या पत्नी सुमिता घोष. त्यासुद्धा इर्माच्या, राजस्थानात आणि माजुलीत त्यांच्यासोबतच काम करत होत्या. संजॉय यांच्या डायऱ्या आणि लेख त्यांनी संपादित केले, ते पुस्तक १९९८ मध्ये आलं. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी 'रंगसूत्र' ही कंपनी काढली. सुरुवातीला हजारेक कारागिरांनी प्रत्येकी हजार रुपये घातले आणि ते कंपनीचे मालक झाले. त्यांत बहुतेक बायका. (तुमच्या कपाटात फॅबइंडियाचा भरतकाम केलेला कुर्ता असेल, तर तो कदाचित त्यांच्यातल्याच कुणाच्या हातचा असेल.)

"हजार रुपयात मालकीन?" ती बाई म्हणाली.

"हो."

"खोटं बोलती."

"नाही गं, खरंच."

ती थोडा वेळ गप्प बसली. मनात काहीतरी मोजत होती. मग शेजारणीला म्हणाली, "दोन खाडं गेलं आसं समजायचं." आणि मग बराच वेळ त्या चौघीजणी माझ्याशी बोलल्याच नाहीत. आपापसांत बोलत होत्या. हजार बायका गोळा करायच्या तर कुठल्या कुठल्या टोळ्यांत कोण ओळखीची आहे, कोण पैसे बुडवेल, कोणाचा नवरा काढून घेईल. थट्टेतच चाललं होतं सगळं. पण हिशोब मात्र पक्का होता. मी अंधारात बसून ऐकत होते. तेवढा वेळ तिथे संजॉय घोष हे कुणी लांबचे हुतात्मा राहिले नव्हते. चुलीपाशी ज्यांचा विषय निघालाय आणि ज्यांच्या घरची चौकशी होतेय, असे पाव्हणे झाले होते.

थँक यू म्हणायचं ते नेमकं कशासाठी, हे मला त्या रात्री जरा उमगलं. पैशांसाठी तर आहेच, उगाच साळसूदपणा कशाला! त्या पैशांत माझं घरभाडं गेलं, प्रवास झाला, एक बरी टॉर्च आली. पण कंपनीच्या सीएसआरचे पैसे असते, तर त्या बाईला मी काय सांगितलं असतं? एखाद्या बँकेचं नाव? तिने मान हलवली असती आणि विषय संपला असता. ज्या माणसाने असंच कुणाच्या तरी चुलीपाशी बसून आयुष्य काढलं, त्याचं नाव सांगता आलं, म्हणून ती पुढचा प्रश्न विचारू शकली. संजॉयनी मला त्या चुलीपाशी बसायला पाट दिला. तो पाट त्यांना फार महाग पडला होता, एवढं फक्त मी विसरत नाही.

याचा एक जाचही आहे, तोही सांगते. हे नाव मानेवर बसतं. लेख लिहिताना सारखं वाटतं, हे असंच्या असं तिला वाचून दाखवता येईल का? तिची कीव केल्यासारखं एखादं वाक्य आलं, की खोडायचं. माझे लेख हिंदीत जायचे होते. माझं हिंदी म्हणजे पुण्यातलं, 'मेरेको' छाप, त्यामुळे आधी मराठीत लिहून मग हिंदीत करायची. त्याचा फायदा असा झाला, की परत गेले तेव्हा मराठी मजकूर हातात होता. कोपीसमोर बसून वाचून दाखवला. बायकांनी दोन ठिकाणी 'बराबर' म्हटलं, एका ठिकाणी एकीने डोळे पुसले. आणि ज्या परिच्छेदावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तिथे दोघी उठून पाणी आणायला गेल्या. संपादकांकडून इतकी स्वच्छ प्रतिक्रिया मला आजवर मिळालेली नाही.

ऐकणाऱ्यांत त्या बाईची नववीतली मुलगीही होती. ती दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत जाते आणि मग आईबापाबरोबर इकडे येते, लहान भावाला सांभाळायला. मी वाचत असताना ती माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होती. नंतर हळूच म्हणाली, "ताई, मी लिहू का?"

मी वहीतली दोन पानं फाडून दिली. पेनही दिलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिने चौकोनी घडी घातलेलं एक पान हातात ठेवलं. वर ठळक अक्षरांत 'माझ्या शाळा'. खाली आकडे घालून यादी. पहिलीपासून आजवर ती ज्या ज्या शाळेत बसली, त्या सगळ्या. गावची, कारखान्याची, साखरशाळा, परत गावची. प्रत्येकीपुढे किती महिने, ते लिहिलेलं. पाचव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, या शाळेचं नाव आठवत नाही, पण तिथे चिंचेचं झाड होतं आणि बाई मारत नव्हत्या. सातव्यापुढे फक्त 'गेले नाही, भाऊ झाला'.

"ह्ये छापून आलं तर पैसे मिळत्यात?" तिने विचारलं.

"मिळायला हवेत," मी म्हटलं. माझा स्वतःचा अनुभव तिला सांगायचं धाडस झालं नाही.

तिने पान परत घेतलं, गुडघ्यावर ठेवलं आणि सगळ्यात खाली आपलं नाव, इयत्ता आणि आईच्या पासबुकातून बघून खाते क्रमांक लिहिला. दोनदा तपासला, आणि मगच माझ्या हातात दिलं.